एक्केचाळिसावी तळटीप

पळसझिरी, ता. अमळनेर
रविवार, २० नोव्हेंबर २०२२

चि. दिपमालास अनेक आशीर्वाद.

बांगड्यांचा आवाज आठवतोय सकाळपासून. काचेच्या, भरगच्च हातातल्या. बासष्ट साल, मी नऊ वर्षांचा. आपल्या शाळेत मतदान होतं आणि मी खिडकीच्या गजांना लोंबकळून आत बघत होतो. पोत्याचा पडदा बांधून आडोसा केलेला. त्यात माझी आई, म्हणजे तुझी आजी, शिक्का घेऊन गेली ती बाहेरच येईना. दिसत काही नव्हतं, फक्त बांगड्या वाजत होत्या. थांबायच्या, पुन्हा वाजायच्या. रांगेतून वडील खोकले, की बांगड्या एकदम गप्प. बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा पेपर चांगला गेलेल्या मुलीसारखा होता. वाटेत वडिलांनी विचारलं, "कोणाले दिधं?"

ती म्हणाली, "पडदा कसाले बांधेल व्हता मंग?"

वडील नदीपर्यंत पुढे पुढे चालत गेले.

हे आठवायला कारण तुझा लिफाफा. पंधरा दिवसांपूर्वी पोस्टमनने आणून दिला. दहा वर्षांत तुझ्या अक्षरातलं माझं नाव पहिल्यांदा पाहिलं. आत पत्र असेल म्हणून मी कडेने कात्रीने कापला, फाडला नाही. पत्र नव्हतं. तुझा छापील लेख होता, सव्वीस पानांचा, इंग्रजीत. निरनिराळ्या राज्यघटनांमधले राजकीय हक्क, असा विषय. मी जन्मभर मराठी शिकवलं, माझं इंग्रजी तुला ठाऊक आहे. शब्दकोश घेऊन बसलो. रोज दोन पानं. तुझ्या आईने विचारलं, "काय लिहिलंय पोरीने?" मी म्हटलं, "मत देण्याबद्दल आहे." ती म्हणाली, "तुमच्याकडे पाठवलं म्हणजे न देण्याबद्दल असेल."

तुझी आई आता अशी बोलते. दर रविवारी तुझा फोन येतो तेव्हा मी उठून ओट्यावर जातो हे तिने तुला सांगितलं आहे का? ओट्यावरून सगळं ऐकू येतं हे मी तिला सांगितलेलं नाही.

तर लेख. तू लिहितेस की ब्रिटनमध्ये राष्ट्रकुलातल्या देशाचा नागरिक राहायला असला तर तो मत देऊ शकतो, उभाही राहू शकतो. म्हणजे आपला पासपोर्ट ठेवून तू तिथे मत देतेस! मी दोनदा वाचलं. ज्यांनी माझ्या आजोबांना कधी मताचं विचारलं नाही, ते त्यांच्या पणतीला विचारतात, आणि ते सुद्धा एका जागी बांधलेली राज्यघटना नसताना. दक्षिण आफ्रिकेने मत देणं आणि निवडणुकीला उभं राहणं दोन्ही थेट हक्कांच्या सनदेत घातलं. आपल्याकडे प्रौढ मताधिकार घटनेत आहे, पण उभं राहण्याचा हक्क कायद्याने दिलेला, मूलभूत नाही. हे मला एकोणसत्तराव्या वर्षी कळलं. आणि तो स्वित्झर्लंडचा प्रांत, जिथे लोक चौकात जमून उघड हात वर करून मत देतात आणि बायकांना तो हात वर करायला नव्वद साल उजाडावं लागलं! आजीच्या बांगड्या त्याच्या अठ्ठावीस वर्षं आधीच वाजून गेल्या होत्या. मला उगाच अभिमान वाटला, जणू पोत्याचा पडदा मीच बांधला होता.

एक्केचाळिसावी तळटीपही वाचली. तिच्याविषयी पुढे लिहीन.

आईची तब्येत बरी. गुडघे कुरकुरतात.

तुझे नाना

पळसझिरी
मंगळवार, २९ नोव्हेंबर

चि. दिपमालास,

मागचं पत्र पोचलं की नाही कळत नाही. स्पीड पोस्टने टाकलं होतं. पोस्टातला माणूस म्हणाला, "नाना, व्हॉट्सअ‍ॅप करा ना, फुकट जातं." मी म्हटलं, फुकट जाऊ नये म्हणून तर पोस्टाने पाठवतोय.

इथे ग्रामपंचायत लागली आहे. अर्ज भरणं कालपासून सुरू. शुक्रवारी संपेल, सात तारखेला तीन वाजेपर्यंत माघार, अठराला मतदान. म्हणजे मतदान व्हायचं असेल तर. आपलं गाव गेल्या दोन्ही वेळा बिनविरोध झालं. यंदा सरपंच थेट लोकांतून निवडायचा आहे, जागा बायकांसाठी राखीव आहे, आणि भटू पाटलाने त्याची सून डिंपल हिचं नाव आधीच ठरवलंय. त्याच्या ओट्यावर ठरलं म्हणजे गावात ठरलं. मीही ओट्यावर होतो.

तुझ्या लेखातलं एक वाक्य मी त्या दिवशी तिथे वाचून दाखवलं. इंग्लंडातही स्थानिक निवडणुकीत पुष्कळ जागा बिनविरोध जातात, असं तू लिहिलं आहेस. भटू खूष झाला. "पाहा, साहेबना देशमाबी बिनविरोध शे! नाना, तुमनी पोर आपलीच बाजू मांडी ऱ्हायनी."

घरी येऊन पुढचं पान उलटलं. तिथे तू लिहितेस: तिथे दुसऱ्या कुणी अर्जच भरलेला नसतो. आणि काही ठिकाणी ज्यांनी भरला त्यांना खाली बसवलं जातं. निकालपत्रात दोन्हीला शब्द एकच असतो. ते पान मी ओट्यावर वाचलेलं नाही.

तुला आपली पद्धत नव्याने सांगायला नको, तरी लिहितो. कारण तू तळटीपेत ती फारच थोडक्यात मांडली आहेस, परक्या माणसाला वाटेल आम्ही दरोडेखोर आहोत. अर्ज ज्याला भरायचा त्याने खुशाल भरावा. मात्र भरून आला की मारुतीच्या पारावर माघारीच्या कोऱ्या अर्जावर सही करून तो माझ्याकडे द्यायचा. सगळ्यांनी, ओट्यावर ज्याचं नाव ठरलं त्यानेसुद्धा. मग जाणती माणसं बसतात, कोण राहील ते ठरतं, आणि उरलेल्यांचे अर्ज मी तारीख घालून त्यांच्या त्यांच्या सूचकाच्या हाती देतो. सूचक ते तालुक्याला नेऊन देतो. ज्याने नाव सुचवलं त्यानेच मागे घ्यायचं, म्हणजे भांडण नाही. माझ्या कपाटात का? तर नाना कोणाचा नाही म्हणून. गावातल्या निम्म्या लोकांना मी अक्षर घटवून दिलंय.

सात सालची निवडणूक तू पाहिली आहेस. दोन गल्ल्यांनी एकमेकांच्या लग्नांना जाणं सोडलं होतं. मी एका घरी हळदीला गेलो तर दुसऱ्यांनी मुलं शिकवणीला पाठवायची बंद केली. तेव्हा बिनविरोध हे मला खरंच चांगलं वाटायचं. आजही सगळं वाईट वाटत नाही.

आणखी एक आठवलं. सहावीच्या वर्गात शनिवारी मी मुलांना विचारायचो, आज कोणती कविता म्हणायची? हात वर करा. भटू पाटलाच्या ललितने ज्या कवितेला हात वर केला त्याच कवितेला सगळ्यांचे हात. दर शनिवारी तीच लढाईची कविता. तू अकरा वर्षांची, दुसऱ्या बाकावर. उठून म्हणालीस, "सर, डोळे मिटून हात वर करू द्या ना." (वर्गात तू मला नाना म्हणत नव्हतीस, कधीच चुकली नाहीस.) सगळ्यांनी डोळे मिटले, आणि त्या शनिवारी वर्गाने पाखरांची कविता म्हटली. बाकांवर ठेका धरून. ललितही. त्याचाच आवाज सगळ्यात गोड होता. स्वित्झर्लंडच्या चौकाचं वाचताना मला तो वर्ग दिसत होता. तिथे कुणी म्हणत नसेल का, डोळे मिटा म्हणून?

तळटीपेबद्दल. तू लिहितेस की 'उत्तर महाराष्ट्रातल्या एका गावात एका उमेदवार स्त्रीचा माघारीचा सही केलेला अर्ज तिला न विचारता विश्वासातल्या व्यक्तीकडून दाखल झाला.' बारीक अक्षरात साडेतीन ओळी. भिंग घ्यावं लागलं. त्या प्रकरणी मी तुला तेव्हाच सांगितलं होतं की रुपचंदने तो नेला. तो तुझा सूचक होता, कचेरीत अर्ज त्याच्याच हातून दिला गेला, नोंदही तशी आहे. माझा भाचा असला तरी मी त्याची बाजू घेतली नाही. आता दहा वर्षांनी त्यावर काय लिहावं?

थंडी पडू लागली आहे. तुझ्याकडे तर बर्फ असेल.

तुझे नाना

पळसझिरी
शनिवार, ३ डिसेंबर

चि. दिपमालास,

हे पत्र लगेच लिहितोय, कारण काल जे झालं त्यामुळे मन ठिकाणावर नाही. आज सकाळपासून चार वेळा कपाट उघडून बंद केलं. आई म्हणाली, "आत काय उबवताय?"

काल शेवटच्या दिवशी धुरपदाबाईने सरपंचपदाचा अर्ज भरला. तुला ती आठवेल, तुझ्यापुढे तीन वर्षं होती. नवरा गेल्यापासून पिठाची गिरणी चालवते. तिच्या गल्लीत नळाला आठ दिवसांनी पाणी येतं, भटूच्या गल्लीत दिवसाआड. ती दोन वर्षं ग्रामसभेत उठून हेच विचारते आणि दोन वर्षं तिला सांगतात, विषयपत्रिकेवर नाही. तेव्हा यंदा तिने विषयपत्रिका लिहिणाऱ्याचीच जागा मागितली.

संध्याकाळी पारावर सगळे जमले. अकरा जणांनी माघारीच्या अर्जांवर सह्या केल्या. डिंपलचा अर्ज भटूने घरून सही करून आणला होता. मग धुरपदाबाई आली. भुवयांपर्यंत पीठ, गिरणी बंद करून तशीच आलेली. भटू म्हणाला, "धुरपदा, तू बी सही कर. रीत शे."

ती म्हणाली, "रीत माले ठाऊक शे, आबा. कागद कोणाकडे ऱ्हाई?"

"नानाकडे."

"मंग करस." तिने सही केली. अक्षर अजून माझ्याच वळणाचं, रफार तसाच उंच. कागद माझ्या हातात देताना सगळ्यांदेखत म्हणाली, "नाना, मना हा कागद माले इचाऱ्याशिवाय देवाना नही. मी बसनार नही शे. तुम्ही सांगा सगळासले."

मी म्हटलं, "नाही देणार."

भटू हसला. म्हणाला, "नानाना शबुद म्हणजे दगडवरनी रेघ." सगळे हसले. मीही हसलो, आणि मग आठवलं, 'नाही देणार' हे दोन शब्द मी याच पारावर, याच जागी बसून, आधी एकदा बोललो होतो. तेव्हा समोर तू होतीस.

आज सकाळी भटू घरी आला. चहा घेतला, गुडघ्यांची चौकशी केली. मग म्हणाला, "सात तारीखले धुरपदाना सूचकले बलाई ल्या. पोऱ्या आपला शे, नेई दी. तिले मी नंतर समजाडसू." मी म्हटलं, तिने सर्वांसमोर सांगितलंय. तो म्हणाला, "दिपमालानी बी सांगं व्हतं."

एवढंच म्हणाला. कप खाली ठेवला आणि गेला.

तुझ्या लेखात एक जागा आहे. बिनविरोध निवडणुकीत नकाराचं बटणसुद्धा मिळत नाही, कारण मतदानच होत नाही. म्हणजे नको म्हणण्याचाही हक्क एक माणूस कपाटात कुलूप लावून ठेवू शकतो. मी पेन्सिलने खूण केली. तू माझ्यावरच लिहिलंस का गं ते सगळं? सव्वीस पानं, सहा देश, सत्तर तळटिपा, आणि मध्ये मी?

तुझे नाना

पळसझिरी
सोमवार, ५ डिसेंबर

दिपमाला,

काल तुझा फोन आला. मी ओट्यावर होतो. आईने आवाज मोठा ठेवला होता, मुद्दाम की गुडघ्यांसारखे कानही गेलेत म्हणून, देव जाणे. तू विचारलंस, "नानांचं पत्र मिळालं. त्यांनी तळटीप वाचली का?" आई म्हणाली, "वाचली म्हणतात." तू म्हणालीस, "मग?" आईने तिकडच्या हवेची चौकशी केली. मग तू पावसाबद्दल बोललीस.

फोन ठेवून आई ओट्यावर आली. मला म्हणाली, "पानंच्या पानं लिहा. बासष्ट सालचं लिहा. पाखरांची कविता लिहा. एक वाक्य तेवढं राहू द्या." इतकी वर्षं मला वाटत होतं तिला माहीत नाही. मी तिला नावाने, बेबाबाई म्हणून हाक मारली तर ती भांडी घासायला बसली होती.

तर ते वाक्य. तुझा माघारीचा अर्ज मी दिला.

रुपचंदने फक्त नेला. तू जळगावला परीक्षेला गेली होतीस, फोन बंद असणार हे मला माहीत होतं. सकाळी अकरा वाजता मी कपाट उघडलं, तुझ्या अर्जावर तारीख घातली आणि रुपचंदला म्हटलं, "ताईचा फोन आला होता, ती तयार आहे, लवकर जा." तो विचारायला लागला, "तिनं सोता सांगितलं, मामा?" मी म्हटलं, "मी खोटं बोलेन का?" तो सायकलने फाट्यापर्यंत गेला, तिथून एसटीने. दोन वाजता अर्ज पोचला.

संध्याकाळी तू परत आलीस, अंगणात उभी राहून विचारलंस, आणि मी सांगितलं की रुपचंदने मला न विचारता कपाटातून काढला. तो शेजारीच उभा होता, दिपमाला. आई वारल्यापासून आपल्याच घरात वाढलेलं पोर. तू त्याला दर वर्षी राखी बांधायचीस. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. तू मला शेवटचं विचारलंस, "किल्ली कुठे होती, नाना?" मी म्हटलं, खुंटीवर. किल्ली माझ्या बंडीच्या खिशात होती. तेव्हाही हात लावून चाचपली होती.

तुला वाटेल गावात भांडण नको म्हणून केलं. मीही तुला आधीच्या एका पत्रात तसंच वाटू दिलं. निम्मं खरं आहे ते. उरलेलं निम्मं सांगतो. तू भटूच्या बायकोसमोर, प्रमिलाबाईंसमोर उभी होतीस. मी दोन क्रमांकाच्या वॉर्डातली घरं एकेक करून मोजली होती. तू निवडून येत होतीस. बऱ्याच मतांनी. आणि मग भटूच्या ओट्यावर माझी जी जागा होती, भिंतीला टेकून, पहिला कप ज्याला मिळतो ती, ती गेली असती. बिनविरोध झाल्यावर माझा फोटो पेपरात आला, शाल मिळाली. ती शाल आईने कधीच कपाटात ठेवू दिली नाही. धान्याच्या कोठीवर टाकलेली असते.

एका जागेपायी मी तुझं नाव मतपत्रिकेवरून काढलं. सहा देशांच्या राज्यघटनांत यासाठी काही कलम आहे का ते तू पाहिलं असशील. मला नाही सापडलं. कलमं सरकारपासून वाचवायला असतात. बापापासून वाचवायला काय असतं?

आज सकाळी रुपचंदला फोन केला. तो वरणगावला कारखान्यात आहे, माहेनूर नावाच्या शेजारणीने उचलला, म्हणाली ड्यूटीवरून येतोय. आला. मी म्हटलं, "रुपचंद, मी दिपमालाला खरं लिहितोय." त्याने दार लावून घेतल्याचा आवाज आला. मग म्हणाला, "मामा, मले त्याच दिवशी समजलं होतं. ती अंगणात विचारत होती तवाच."

"मग बोलला का नाहीस?"

"तुमच्या घरचं खाल्लं ना मामा. ताईले वाटलं भाऊ वाईट निघाला, तर ती रडीन अन् इसरीन. बाप वाईट निघाला असता तर?" मग म्हणाला, "आता तुम्हीच सांगा. मी नाही सांगणार." आणि ठेवला.

परवा सात तारीख. धुरपदाबाईचा कागद कपाटात आहे. आज छाननी झाली, तिचा अर्ज वैध ठरला. भटूने निरोप पाठवलाय की उद्या संध्याकाळी सगळे माझ्या घरी बसतील. किल्ली बंडीच्या खिशात आहे. हे वाक्य लिहितानाही मी हात लावून पाहिलं.

नाना

पळसझिरी
बुधवार, ७ डिसेंबर
दुपारी चार

दिपमाला,

सोमवारचं पत्र टाकलेलं नाही. दोन्ही एकत्र टाकीन. तुला एकदमच वाचता यावं.

काल बैठक झाली नाही, मीच होऊ दिली नाही. दुपारीच कपाट उघडलं, सगळे तेरा कागद पिशवीत घातले आणि घरोघर निघालो. ज्याचा त्याला परत द्यायला. आधी गिरणीवर गेलो. पट्टा चालू होता, काही ऐकू येत नव्हतं. मी कागद पुढे केला. धुरपदाबाईने पिठाचे हात पदराला पुसले, वाचला, घडी घातली आणि बाजरीच्या डब्याखाली ठेवला. मोठ्याने ओरडली, "नाना, दळण शे का?" मी मान हलवली. ती ओरडली, "मंग तठे उभा राहू नका, पीठ उडस!" त्या बाईने आभार मानले नाहीत हे मला फार बरं वाटलं. तिचं तिला मिळालं होतं, आभार कसले?

मग एकेक घर. नवल म्हणाला, "नाना, मी बसनारच शे, कागद तुम्हीच ठेवा." मी म्हटलं, बसायचं तर स्वतः तालुक्याला जाऊन बस. तो हिरमुसला. दोघांनी दारातूनच पाठ फिरवली. एका घरी म्हणाले, नानाचं डोकं फिरलं, रात्रंदिवस इंग्रजी वाचतात.

शेवटी भटूचं घर. ओट्यावर आठ-दहा माणसं. माझी भिंतीची जागा मोकळी होती. मी बसलो नाही. म्हटलं, "डिंपलचा कागद द्यायचाय."

भटूने हात पुढे केला. "द्या इकडे."

"तिच्या हातात देईन. सही तिची आहे."

"नाना, आते हाई काय नवीन?" भटू उठला. "दहा वरीसपहिले सोतानी पोरना कागद तुम्हीच दिधा, तवय तिना हातमा दिधा व्हता का?"

ओट्यावरच्या सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. मला वाटायचं, हे वाक्य कुणी चारचौघांत बोललं तर मी जागीच कोसळेन. तसं काही झालं नाही. मी म्हटलं, "हो. मीच दिला. तिला न विचारता दिला, आणि रुपचंदचं नाव सांगितलं. बोंब मारायची तर मार, मी उद्या पारावर स्वतः सांगणार आहे. डिंपलला बोलव."

"पागल व्हयी गया म्हातारा," कुणीतरी म्हणालं. पण प्रमिलाबाई आत गेल्या. डिंपल आली, कणकेचे हात, डोक्यावर पदर. चोवीस-पंचवीस वर्षांची असेल, चाळीसगावकडची, लग्न होऊन आल्यापासून मी तिचा आवाज ऐकलेला नव्हता. मी कागद दिला. म्हटलं, "हा तुझा. यावर तुझी सही आहे. द्यायचा की ठेवायचा, ते तुझं." तिने कागदाकडे पाहिलं, सासऱ्याकडे पाहिलं नाही, आणि आत गेली. कागदावर कणकेची बोटं उमटली.

आज सकाळी पारावरही सांगितलं. सहा-सात माणसं होती, त्यातली दोन पत्ते खेळत होती. एवढ्या वर्षांचं ओझं उतरवायला मी जास्त गर्दीची कल्पना केली होती. एकाने विचारलं, "मग आता बिनविरोध नाही का?" म्हटलं, नाही. तो म्हणाला, "म्हणजे प्रचार होणार?" आणि पुन्हा पत्ते वाटले.

तीन वाजून गेले. तालुक्याहून फोन आला, सरपंचाला दोन नावं राहिली. धुरपदाबाई आणि डिंपल. चिन्हंसुद्धा वाटली. पंधरा वर्षांनी आपल्या गावात मतदान होणार.

मला आनंद झाला म्हणू का? भीतीच जास्त आहे. सात सालसारखं होईल का? उद्या कुणाचं डोकं फुटलं तर म्हणतील म्हाताऱ्याने लावून दिलं, आणि ते अगदीच खोटं नसेल. तू तुझ्या लेखात हक्क मोजलेस, कुठे किती, कधीपासून, कोणाला. हक्क मिळाल्यावर गावाला झोप कशी लागते ते कुठल्या तळटीपेत आहे? असेल तर कळव. नसेल तरी कळव. काहीही कळव. रुपचंदचा नंबर पाठीमागे लिहिला आहे. त्याला आधी फोन कर, माझं नंतर बघ.

अंगणाचं फाटक वाजलं. भटूची माणसं असणार, मी सकाळपासून त्यांचीच वाट पाहतोय. आई म्हणाली, "मी जाते, तुम्ही बसा." मी म्हटलं, नको, मीच जातो. पण ती आधीच गेली.

दारात डिंपल आहे. एकटी. उन्हातून आलेली, पदर खांद्यावर घसरलेला, हातात मतदारयादीची झेरॉक्स गुंडाळलेली. मी पेन हातात घेऊनच उभा राहिलो. आई म्हणाली, "ये ना आत." ती उंबऱ्याच्या बाहेरच थांबली. बहुतेक वाटेत घोकत आली होती, कारण एका दमात म्हणाली:

"नाना, काकू, मी डिंपल ललित पाटील. सरपंचपदाला उभी आहे. पहिलं घर तुमचंच. मला मत द्याल का?"